झाकणभर पाणी

त्या दिवशी सकाळी मोठीनं युनिफॉर्मच्या शर्टाचं पहिलं बटण दुसऱ्या काजात घातलं आणि तशीच खालपर्यंत लावत गेली. शेवटी एक काज उरलं. त्या काजाकडे बघत ती नुसती उभी राहिली. नऊ वर्षं तोच शर्ट, डोळे मिटून घालायची.

"ताई, बटणं चुकली तुझी," धाकटी म्हणाली.

"चुकली नाहीत. कंपनीनंच एक काज जास्तीचं दिलंय."

धाकटी हसली. हसायला नको होतं, पण मोठीचं बोलणंच तसं, माणूस आधी हसायचा आणि मग विचार करायचा. धाकटीनं जवळ जाऊन सगळी बटणं सोडली आणि पुन्हा लावली. बोटं गळ्याशी लागली तेव्हा चटका बसला.

"ताप आहे गं तुला."

"तुझे हात गार आहेत."

एवढं बोलून कमरेला डावीकडून हात लावत ती जिना उतरली. तारीख होती चोवीस. आजचा धरून महिन्याचे आठ दिवस राहिले होते, आणि सगळं त्या आठ दिवसांवर अडलेलं होतं.

आधी मोठीचं काम सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. कपड्यालत्त्याची, भांड्याकुंड्यांची असंख्य दुकानं एकाच छताखाली असलेली ती भलीथोरली इमारत, तिच्या दारावर मोठी कामाला होती, लेडी गार्ड म्हणून. पुरुषांची रांग एकीकडून, बायकांची दुसरीकडून. बायकांच्या बाजूला तीन अंगांनी निळा पडदा लावलेला एक खोका. बाई आत यायची, मोठी म्हणायची, "हात वर. मागे वळा. चला." हातातलं मशीन अंगावरून फिरवायची, पर्समध्ये डोकवायची, झालं. सकाळी आठ ते रात्री आठ. स्टूल नाही. स्टूल दिलं की गार्ड झोपतात, असं सुपरवायझरचं म्हणणं. हा सुपरवायझर सारखा मनगटाकडे बघायचा म्हणून सगळे त्याला घड्याळ म्हणायचे.

गार्ड लोकांच्यात उभं राहायच्या जागेला पॉइंट म्हणतात. पॉइंट सोडायचा नाही, हा पहिला नियम आणि शेवटचाही तोच. पुरुषांच्या बाजूला दोघं होते, एक गेला की दुसरा बघायचा. बायकांना बाईनंच तपासायचं, आणि बाई एकच. जायचं असलं तर आधी घड्याळला फोन करायचा, त्यानं रिलिव्हर पाठवायची, म्हणजे बदली बाई, आणि ती तळघरातल्या पार्किंगमधून येईपर्यंत वाट बघायची. ती कधी अर्ध्या तासानं यायची, कधी यायचीच नाही. आणि फोनवर सांगायचं काय? बाप्या माणसाला "लघवीला जायचंय" असं सांगायचं? मोठीच्या तोंडून तो शब्द घरात पण निघायचा नाही. "जाऊन येते" म्हणायची, त्यावर घड्याळ विचारायचा, "कुठे?" एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्या वेळी मोठीनं फोनच केला नाही.

मग तिनं आपला उपाय काढला. पाणीच कमी प्यायचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! बाटली न्यायची, पण तिच्या झाकणानं प्यायची. अकरा वाजता एक झाकण, जेवताना दोन, चार वाजता एक. पुरुषांच्या पॉइंटवर एक म्हातारे गार्ड होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. ते म्हणायचे, "काय बाई, पेग मारताय का?" मोठी म्हणायची, "तुम्हाला हवाय का? पण बिनपाण्याचा आहे." ही झाकणाची गोष्ट घरी कुणालाच माहीत नव्हती. बाटली रात्री भरलेली परत यायची, ती धाकटीला वाटायचं तिथली भरून आणलीय.

असं केल्यावर उन्हाळी लागणारच. वर्षातून चार-चार वेळा लागायची. जळजळ व्हायची, ओटीपोटात कळ यायची, घरी आली की मोरीत जाऊन अर्धा अर्धा तास बसायची, बाहेर आल्यावर तोंड एवढंसं. विचारलं तर म्हणायची, "काही नाही, ऊन बाधलं." दिवसभर छपराखाली उभी असलेल्या बाईला ऊन कुठलं बाधतंय? पण दुखणं अंगावर काढायची सवय. नवरा गेला तेव्हाही तिसऱ्या दिवशी कामावर गेली होती. पोरबाळ नाही. तेव्हापासून धाकटीकडेच राहायची, धाकटीचा नवरा पण तिला ताईच म्हणायचा, आणि त्या दोन खोल्यांत तिचं कधी कुणाला जड झालं नाही.

धाकटी दाताच्या दवाखान्यात कामाला. पेशंटचे नंबर लावायचे, फोन घ्यायचे, डॉक्टरांची हत्यारं उकळायला टाकायची. कुणाचा घसा धरला, कुणाला पित्त झालं, की गल्लीतल्या बायका तिलाच विचारायच्या. घरात तिचं नावच अर्धी डॉक्टर. मोठीनंच ठेवलेलं. "अहो अर्धे डॉक्टर, बघा जरा, माझा अर्धा पाय दुखतोय."

मागल्या वर्षी मोठीची उन्हाळी फारच वाढली, तेव्हा धाकटीनं तिला हाताला धरून लघवी तपासायला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दोन दिवसांत उतार पडला. पण त्या गोळ्यांनी मोठीचं तोंड कडू व्हायचं, पोट बिघडायचं, आणि पॉइंटवर पोट बिघडणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. परत परत होतंय तर काही करता येईल का, असं धाकटीनं विचारलं. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक पावडर मिळते, डी-मॅनोज म्हणतात. फळातली साखर असते तसलाच प्रकार. काहीजणींना त्यानं परत होत नाही, काहीजणींना काहीच फरक पडत नाही, खात्रीनं कुणी सांगू शकत नाही. घ्यायची तर ग्लासभर पाण्यातून घ्या आणि दिवसभर पाणी प्या. आणि हे नीट ऐका, म्हणाल्या, दुखायला लागलं, ताप आला, तर पावडरीच्या भरवशावर राहायचं नाही, इकडे यायचं.

धाकटीनं नीट ऐकलं. ऐकलं नव्हतं असं म्हणता येणार नाही.

दवाखान्याखालच्या मेडिकलवाल्यानं पावडर मागवून दिली. पांढरी बरणी, आत इवलासा चमचा. ही साखर जंतूंना चिकटते, जंतू आतल्या कातड्याला धरून बसायच्या ऐवजी हिलाच धरतात, आणि पाण्याबरोबर वाहून जातात, असं त्यानं हातवारे करून समजावलं. धाकटीनं घरी येऊन तेच हातवारे मोठीला करून दाखवले. मोठीनं बोट बुडवून चाटलं.

"गोड आहे की! औषध गोड असतंय होय? फसवलं तुला."

"ग्लासभर पाण्यातून घ्यायचीय ताई. भरून ग्लास."

"हो हो."

मोठी खोटं बोलायची नाही. फक्त 'हो हो' म्हणायची, आणि त्या 'हो हो'त काय काय मावायचं ते तिचं तिलाच ठाऊक. बरणी ती कामावर घेऊन गेली, म्हणाली तिथंच घेईन, सकाळी घरी घाई होते.

खरं सांगायचं तर सहा-सात महिने बरे गेले. उन्हाळी लागली नाही. पावडरीनं का आधीच्या गोळ्यांनी का नशिबानं, कुणास ठाऊक. पण नाव पावडरीचं झालं, आणि आणली कुणी, तर अर्ध्या डॉक्टरनं. मोठी ज्याला त्याला सांगायची, "माझ्या बहिणीनं शोधून काढली." धाकटी वरवर नको नको म्हणायची, पण आतून फुगायची. एवढ्या वर्षांत मोठीनंच तिचं सगळं केलेलं. शाळेची फी, लग्न, बाळंतपण. पहिल्यांदा धाकटीच्या हातून मोठीसाठी काही झालं होतं.

मग या महिन्याच्या सुरुवातीला घड्याळनं मोठीला बोलावलं. कॅमेऱ्याच्या खोलीत एक जागा होणार होती. पडद्यांवर बघत बसायचं काम. खुर्ची, पंखा, आणि खोलीच्या शेजारीच बायकांचा संडास-बाथरूम. पहिल्या तारखेपासून. पण तिच्याबरोबर तळघरातल्या बाईचंही नाव होतं. घड्याळ म्हणाला, दोघींत जिचा महिन्यात एकही खाडा नसेल तिला जागा.

मोठी घरी येऊन हे सांगत होती तेव्हा तिचा चेहरा लहान पोरीसारखा झालेला. "खुर्ची गं," म्हणाली. "चाकाची खुर्ची. गिरकी घेणारी." नऊ वर्षं उभी राहिलेली बाई, तिला राज्य मिळाल्यासारखं झालं. बाथरूमचं तिनं सगळ्यात शेवटी सांगितलं, हळूच. "आणि ते पण शेजारीच आहे."

अठरा तारखेला जळजळ सुरू झाली. तिनं सांगितलं नाही, पण मोरीत लागणारा वेळ धाकटीला कळायचा.

"ताई, डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

"त्यांची वेळ दहा ते एक. खाडा होतो."

"अर्धा दिवस घे."

"अर्धा पण खाडाच. पहिल्या तारखेपर्यंत थांब ना बये. मग रोज जाऊ, हवं तर तिथंच राहू."

एकवीस तारखेला ताप आला. डाव्या कुशीत, पाठीकडे कळ यायला लागली. मोठी म्हणाली उभं राहून कंबर धरलीय. दाताच्या दवाखान्यात दिवसभर गर्दी, धाकटी संध्याकाळी घरी आली ती पाय ओढत. जेवणं झाली, भांडी पडली होती. मोठी भिंतीला टेकून बसलेली. तिनं विचारलं, "काय गं, ती पावडर दोनदा घेतली तर चालेल?"

आणि धाकटी म्हणाली, "चालेल. साखरच आहे, बाधत नाही. सकाळ-संध्याकाळ घे, दहा दिवस निघतील."

बस. एवढंच. डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण ती खुर्ची तिच्यापण डोळ्यांपुढे होती, आणि ती दमली होती, आणि अर्धं डॉक्टर असलं की माणसाला वाटतं आपल्याला बाकीचं अर्धंही कळतं.

तर चोवीस तारीख. साडेअकराला दवाखान्यात काकांचा फोन आला. "ताईंना घेऊन जा. एकाच बाईला तीनदा तपासलं त्यांनी. ती बाई चिडलीय, आणि ह्या म्हणतायत हात वर, हात वर. अंग थरथरतंय."

धाकटी रिक्षानं गेली. मोठी पडद्याला धरून उभी. हातातलं मशीन सोडेना. "रिलिव्हर येऊ दे, मग येते," म्हणाली. काकांनी समजूत घातली, बोटं एकेक सोडवली. घड्याळ तिथंच होता, तो म्हणाला, "अर्धा दिवस लावतो, खाडा नाही धरत, जा." आता म्हणाला तो ते. असो. त्यालाही वरून कुणीतरी घड्याळच दाखवत असणार.

मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत बारा वाजून गेले. ब्लड प्रेशर लागेना. सलाईन लावलं, नळी घातली. पलंगाला लावलेल्या पिशवीत लघवी उतरली ती दोन चमचे, कोऱ्या चहासारखी. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाला सूज आहे, विष रक्तात गेलंय, औषधं चालू केलीत पण उशीर झालाय. ताप कधीपासून? धाकटीनं बोटं मोजल्यासारखं केलं. तिला माहीत होतं, तरी.

मोठी शुद्धीत होती आणि नव्हतीही. सलाईन बदलायला नर्स आली तर तिला म्हणाली, "हात वर." नर्स तरणी होती, कामाच्या घाईत होती. पण तिनं सलाईनची बाटली धरलेला हात वर केला, दुसराही केला. "मागे वळा," मोठी म्हणाली. नर्स वळली. "चला." नर्स गेली. दाराबाहेर जाऊन तिनं डोळे पुसले, हे धाकटीनं बघितलं.

चार वाजता मोठीनं डोळे उघडले. "पॉइंटवर कोण आहे?"

"आहे कुणीतरी. तू पड."

"तहान लागलीय."

तोंडातून काही द्यायचं नव्हतं. नर्सनं कापूस भिजवून दिला, धाकटीनं तो ओठांवरून फिरवला. मोठीनं तो ओठांत धरून ठेवला, सोडेना. साडेपाचला गेली. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

कागदपत्रं तयार व्हायला वेळ लागला. धाकटीचा नवरा खाली धावपळ करत होता. धाकटी डॉक्टरांसमोर उभी राहिली आणि तिनं पावडरीचं सगळं सांगितलं, न विचारता. मीच दोनदा घे म्हणाले, साखरच आहे म्हणाले. मी मारलं का तिला?

डॉक्टरही दिवसभराचे दमलेले. खुर्चीत बसले, तिलाही बसवलं. म्हणाले, "पावडरीनं नाही गेल्या त्या. पण लागलेली आग त्यानं विझत नाही. ताप आला त्या दिवशी आणायला पाहिजे होतं." मग विचारलं, "पाणी किती प्यायच्या?"

"ग्लासभर पाण्यातून घ्यायची. भरून ग्लास."

डॉक्टर रिपोर्टकडे बघत राहिले. अंगात पाण्याचा थेंब नव्हता त्या बाईच्या, हे त्यांना दिसत होतं, पण त्या वेळी ते धाकटीच्या पदरात टाकावं असं त्यांना वाटलं नसणार.

पुढचे दिवस कसे गेले ते कुणालाच आठवत नाही. माणसं आली, गेली. बाराव्या की तेराव्या दिवशी काकांचा फोन आला, ताईंची पिशवी इथं आहे, आणि युनिफॉर्म जमा करायचाय. धाकटीनं दोन्ही शर्ट धुऊन इस्त्री केले, बटणं नीट लावली, आणि दुपारची निघाली.

काकांनी कापडी पिशवी दिली. आत डबा, कंगवा, ती पांढरी बरणी आणि पाण्याची बाटली. बाटली काठोकाठ भरलेली, तोंडाला काकांनी प्लास्टिकचा कागद बांधलेला. तिचं झाकण बरणीत होतं, आणि झाकणाला आतून पांढरा थर बसलेला, नखानं खरवडला तरी निघेना असा.

"हे काय काका?"

"त्यातच तर घ्यायच्या." काका म्हणाले. "झाकणात पावडर, वर घोटभर पाणी, आणि बोटानं कालवून चाटायच्या. मी म्हटलं, बाई, औषध आहे का चटणी? तर म्हणाल्या, ग्लासभर प्यायलं तर उभी कशी राहू?" मग त्यांच्या लक्षात आलं की हे धाकटीला माहीत नव्हतं. ते टोपी काढून उगाच झटकायला लागले. "दिवसाला चार झाकणं. नऊ वर्षं. आम्ही हसायचो. मला वाटलं घरी माहीत असेल."

धाकटीनं झाकण मुठीत धरलं. रडू आलं नाही. कंटाळा आला, सगळ्या अंगाचा कंटाळा, की इथंच खाली बसावं. म्हणून ती निळ्या पडद्याशी टेकली.

पडद्याआड नवी बाई होती, तिशी-बत्तिशीची, शर्ट तिच्या मापाचा नव्हता. रांगेत दहा-बाराजणी. ती एकीला तपासत होती आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. कपाळ घामेजलेलं. फोन काढला, बघितलं, परत खिशात टाकला.

"किती वेळ झाला?" धाकटीनं विचारलं.

बाई दचकली. "कशाला?"

"जायचंय ना तुला? किती वेळ झाला?"

"सकाळपासून," ती इतक्या हळू म्हणाली की ओठच हलले. "रिलिव्हर नाही आली."

"जा. मी उभी आहे."

"पॉइंट सोडता येत नाही हो. आणि तुम्ही गार्ड नाही."

"मी कुणाला तपासत नाही. कुणाला आत पण सोडत नाही. जा तू."

बाईनं एकदा काकांकडे बघितलं. काका छताकडे बघत होते. ती गेली, चालत गेली आणि वळणावरून पळाली.

धाकटी खोक्याच्या तोंडाशी उभी राहिली, आडवी. एका हातात पिशवी, एका मुठीत झाकण. रांग थांबली. मागून चुकचुक सुरू झाली. "काय झालं?" "चला ना पुढे." "मशीन बिघडलं का?" तिकडून घड्याळ मनगटाकडे बघत आलाच. "पॉइंटवर कोण आहे? बाई कुठे गेली?"

धाकटीनं त्याच्याकडे बघितलं, मग रांगेकडे.

"लघवीला गेलीय," ती म्हणाली, मोठ्यानं, अगदी शेवटच्या बाईला ऐकू जाईल असं. "येईल. थांबा."

घड्याळचा मनगटाकडे वळलेला हात खाली आला. पुढच्या बाईनं खांद्यावरची जड पिशवी काढून खाली जमिनीवर ठेवली, आणि उभी राहिली.